पाहण्याची जकात

पाहणें हा सर्व मानवी व्यवहारांतील अत्यंत निरुपद्रवी व्यवहार होय, अशी सामान्य समजूत आहे. खाल्ल्यानें वस्तु संपते, वापरल्यानें झिजते, घेतल्यानें दुसऱ्याच्या वांट्यास कमी येते; पण हजार डोळ्यांनीं पाहिला म्हणून डोंगर तसूभरहि कमी होत नाहीं. म्हणूनच सृष्टिसौंदर्य पाहावयास जाणाऱ्या मनुष्याच्या नीति-अनीतीचा प्रश्न सहसा कोणी काढीत नाहीं. निघालाच तर तो गर्दीचा, कचऱ्याचा किंवा अपघातांचा निघतो. म्हणजे पाहण्याबरोबर घडणाऱ्या इतर गोष्टींचा. खुद्द पाहणें निर्दोषच समजलें जातें. ही समजूत कितपत खरी आहे याचा विचार आम्हांस येथें करावयाचा आहे. आणि तो हवेंत न करतां जुन्नर व आंबेगांव या दोन तालुक्यांच्या भूमीवर उभें राहून करावयाचा आहे.

ही भूमि या विचारास योग्य कां, हें उघड आहे. पुण्यापासून जुन्नर अवघें ९०-९५ किलोमीटरांवर. मुंबईकराला माळशेजचा घाट चढला कीं हा प्रदेश लागतो. २०१८ सालीं महाराष्ट्र शासनानें जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला. पहाटे निघालेलें कुटुंब सकाळीं ओझरच्या विघ्नेश्वराचें दर्शन घेतें, लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून गिरिजात्मजापुढें हात जोडतें, दुपारीं शिवजन्मानें पुनीत झालेला शिवनेरी पाहतें, आणि दिवस कलण्यापूर्वी नाणेघाटाच्या कड्यावर उभें राहून खालीं पसरलेलें कोंकण न्याहाळतें. पावसाळ्यांत तेथें वाऱ्याच्या जोरानें धबधब्याचें पाणी उलट वर उडतें. तें पाहावयास रविवारीं झुंबड लोटते. रात्रीं तें कुटुंब पुन्हां आपल्या घरीं असतें. एका दिवसांत देव, इतिहास आणि निसर्ग तिन्ही पदरांत पडतात. यांत वावगें काय आहे? वरवर पाहतां कांहींच नाहीं.

किंबहुना तत्त्वज्ञानहि प्रथमदर्शनीं या प्रवाशाच्याच बाजूस उभें राहतें. जर्मन तत्त्ववेत्ता कान्ट यानें १७९० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत सौंदर्याचा आस्वाद हा स्वार्थनिरपेक्ष असतो असें प्रतिपादिलें. व्यापारी शेताकडे पाहतो तेव्हां पिकाचा अंदाज करतो, सुतार झाडाकडे पाहतो तेव्हां मनांतल्या मनांत फळ्या मोजतो. रसिक मात्र समोरच्या वस्तूपासून कांहींच मागत नाहीं. हें विवेचन आम्हांस मान्य आहे. परंतु ‘मी कांहीं मागत नाहीं’ हें एक विधान आहे, आणि ‘म्हणून मी कांहीं देणें लागत नाहीं’ हें दुसरें विधान आहे. पहिल्यावरून दुसरें निष्पन्न होत नाहीं. पाहुणा ताटांतलें मागून घेत नाहीं म्हणून तो यजमानाचा ऋणी नसतो, असें कोण म्हणेल? आमच्या मतें एका दिवसाच्या प्रवाशाची सारी चूक या दोन विधानांच्या मध्यें दडलेली आहे.

ती स्पष्ट होण्यासाठीं, ज्याला आपण ‘देखावा’ म्हणतों तो कशाचा झालेला असतो, हें पाहूं. घाटमाथ्यावर श्रावणांत जीं हिरवीं पायऱ्यापायऱ्यांचीं खाचरें दिसतात, तीं सृष्टीनें घडविलेलीं नाहींत. डोंगराच्या उतारावर दगडांचे बांध घालून, वाहून जाणारी माती अडवून, पिढ्यान् पिढ्या महादेव कोळी शेतकऱ्यांनीं तीं निर्माण केलीं आहेत. ज्या हिरड्याच्या झाडाखालीं प्रवासी आपली शिदोरी सोडतो, त्या झाडाचीं फळें वेंचून, वाळवून, विकून कोणाच्या तरी घरचें मीठमिरची येतें. एक बांध फुटला आणि तो वेळेवर घातला गेला नाहीं, तर दोन-चार पावसाळ्यांत तेथें खडक उघडा पडेल. म्हणजे जें आपणांस निसर्गाचें वाटतें, त्यांतला मोठा भाग माणसांच्या श्रमाचा आहे. आणि तो एकदां केलेला नसून दरवर्षीं नव्यानें करावा लागणारा आहे.

हें आपल्याकडेंच आहे असें नव्हे. इटलीच्या लिगूरिया प्रांतांत समुद्रकांठच्या कड्यांवर वसलेलीं पांच गांवें ‘चिंक्वे तेर्रे’ या नांवानें जगप्रसिद्ध आहेत. १९९७ सालीं त्यांची गणना जागतिक वारशांत झाली. आगगाडीनें किंवा नावेनें सकाळीं यावें, एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जावें, सायंकाळीं परत फिरावें, अशी तेथील सहलीची रीत. पण ज्या उतारांचें चित्र घेऊन प्रवासी परततो, ते उतार म्हणजे चुन्यावांचून नुसत्या दगडावर दगड रचून उभारलेल्या भिंती आणि त्यांनीं धरून ठेवलेले द्राक्षांचे मळे आहेत. शेती सोडून माणसें दुसऱ्या उद्योगास लागलीं तसतशा त्या भिंती ढासळूं लागल्या. पाहणारे वाढले आणि राखणारे घटले! ही विसंगति लिगूरियांत जितकी खरी, तितकीच घाटघरच्या पठारावरहि संभवनीय आहे.

श्रमाहूनहि खोल असें एक ऋण कांहीं देखाव्यांच्या तळाशीं असतें. घोड नदीवरील डिंभे धरणाचा जलाशय हें आज आंबेगांव तालुक्यांतील एक रम्य स्थळ आहे. चोहों बाजूंस डोंगर, मध्यें निळें पाणी. दृष्टि ठरेल तेथें चित्र. त्या पाण्याखालीं आंबेगांव आहे. ज्या गांवावरून तालुक्याला नांव मिळालें, तें गांवच बुडालें. नांव तेवढें कागदोपत्रीं उरलें आणि कचेरी घोडेगांवीं आहे. पाणी फार ओसरलें कीं जुन्या वस्तीचे अवशेष उघडे पडतात. हें पाणी कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांवाटे पूर्वेकडील शेतांना जातें, आणि त्या शेतांतलें पीक शहरांतील बाजारांत येतें. धरण बांधूं नये होतें असें म्हणण्याचा आमचा हेतु नाहीं. तो वाद निराळा. आमचें म्हणणें इतकेंच कीं, त्या कांठावर उभा राहून ‘किती शांत जागा!’ असें म्हणणाऱ्यानें ही शांतता कोणाच्या उठून जाण्यानें आली, हें विचारलें पाहिजे. तो प्रश्न न विचारतां घेतलेला आनंद खोटा नसेल. पण तो अर्धवट माहितीवर उभारलेला आहे.

याच खोऱ्याच्या वरच्या अंगास माळीण आहे. ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं मुसळधार पावसांत डोंगराचा कडा गांवावर कोसळला आणि दीडशेंहून अधिक माणसें त्याखालीं गेलीं. ज्या पावसाच्या वार्तेनें शहरांत सहलीचे बेत होतात, तोच पाऊस कड्याखालीं राहणाऱ्यांची झोंप उडवितो. एकच मेघ, एकच डोंगर. पण तो पाहणाऱ्याला निराळा आणि त्याखालीं राहणाऱ्याला निराळा. सौंदर्याची आवड असलेल्या मनानें या दुसऱ्या अर्थाकडे पाठ फिरविली, तर त्या आवडीला आम्ही सुसंस्कृतपणा म्हणण्यास कचरूं.

यावर एक आक्षेप येण्याजोगा आहे. ‘तुमचा हा उपदेश म्हणजे सुस्थितांची मिजास आहे. ज्या कारकुनाला आठवड्यांत एकच रविवार मिळतो, जी शिक्षिका महिनोन् महिने चार भिंतींच्या बाहेर पडत नाहीं, त्यांनीं डोंगर पाहावयास निघतांना ऋणांची वही काढून बसावयाचें काय?’ आक्षेप खोडसाळ नाहीं. १८४४ सालीं इंग्लंडांतील सरोवरांच्या प्रदेशांत आगगाडी आणण्याचें घाटलें, तेव्हां वर्डस्वर्थनें तीस वर्तमानपत्रांतून विरोध केला. कारखान्यांतील लोक झुंडींनीं आणून सोडल्यानें त्यांना सृष्टिसौंदर्याचा खरा लाभ होणार नाहीं, असा त्याच्या युक्तिवादाचा एक भाग होता. त्याच प्रदेशाची प्रवासमार्गदर्शिका त्यानें स्वतःच अनेक वर्षांपूर्वी लिहिली होती, हें लक्षांत घेतलें म्हणजे या विरोधांतला कमकुवतपणा ध्यानांत येतो. आपण पाहिलें तें रसिकतेनें, आणि दुसरे पाहतील तें मात्र धुडगूस, हा न्याय आम्हांस मान्य नाहीं. दीर्घ मुक्कामानें दृष्टि येते आणि एका दिवसांत ती येतच नाहीं, असाहि नियम नाहीं. जुन्नरांत जन्म काढून मानमोडीच्या लेण्यांकडे ढुंकून न पाहिलेले लोक असूं शकतात. आणि चार घटका थांबलेला परका मनुष्य एखादी गोष्ट कायमची ओळखून जाऊं शकतो. प्रश्न किती वेळ पाहिलें हा नाहीं. काय मानून पाहिलें हा आहे.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे. ‘आम्ही पैसे देतों. गाडी उभी करण्याचे देतों, जेवणाचे देतों, तिकिटाचे देतों; आमच्या येण्यानें गांवांत चार चुली पेटतात. आणखी देणें तें कसलें?’ पैशाचा हा उपयोग आम्ही नाकारीत नाहीं. ज्या प्रदेशांतले तरुण कामासाठीं पुण्यामुंबईची वाट धरतात, तेथें तर तो मोलाचाच आहे. परंतु पैसे ज्या वस्तूचे दिले तिचेच फिटतात. भाकरीचे पैसे भाकरी करणारीला मिळाले. बांध घालणाऱ्याला, गांव सोडून गेलेल्याला त्यांतून काय पोंचलें? व्हेनिस नगरानें २५ एप्रिल २०२४ पासून, वस्तीला न राहतां एका दिवसापुरत्या येणाऱ्यांवर, ठराविक दिवशीं पांच युरोंचा कर बसविला. नगर चालविण्यास पैसा लागतो, तेव्हां कर गैर आहे असें नाहीं. पण त्यांत एक धोका आहे. कर भरणाऱ्याला वाटतें कीं आतां हिशेब पुरा झाला. जें ऋण आठवणीत राहावयाचें, तें पावती मिळतांच विसरलें जातें.

मग या ऋणाची फेड कशानें व्हावी? याचें उत्तर आम्हांस नाणेघाटांतच सांपडतें. घाटाच्या माथ्यावर दगडाचा एक प्रचंड रांजण आहे. कल्याण-सोपाऱ्याकडून चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात त्यांत पडे, असें परंपरा सांगते. तो व्यापारी घाटाला फुकट वाट समजत नसे. कोणीं तरी ही वाट खोदली आहे, कोणी तरी ती राखतो, हें त्याला प्रत्येक खेपेस त्या रांजणापाशीं मान्य करावें लागे. जवळच्या लेण्यांत सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीचा सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. त्यांत यज्ञांची आणि त्या त्या यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण नाण्यांची मोजदाद आहे. काय पाहिलें याचा नव्हे, तर काय दिलें याचा तो जमाखर्च आहे.

याहून बोलका पुरावा जुन्नरच्या इतर लेण्यांत आहे. तेथील लेखांत इरिल नांवाच्या एका यवनानें पाण्याच्या दोन पोढ्या दिल्याची नोंद आहे; दुसऱ्या चिट नांवाच्या यवनानें संघासाठीं भोजनमंडप दिला. हे लोक धर्मबुद्धीनें दान करीत होते, सहलीस आले नव्हते, हें आम्ही जाणतों. तरी त्यांची वृत्ति चिंतनीय आहे. परक्या वंशाचा मनुष्य या डोंगरांत येतो, आणि आपलें नांव मागें ठेवण्यासाठीं खडकांत पाणी सांठविण्याची जागा खोदवितो. आजचा प्रवासीहि लेण्याच्या भिंतीवर आपलें नांव कोरतोच; पण त्या नांवापुढें दानाचा उल्लेख नसतो. प्राचीनांच्या आणि आमच्या काळांतला फरक या दोन कोरीव कामांत जितका दिसतो, तितका मोठमोठ्या ग्रंथांत दिसत नसेल.

आज कोणी पोढी खोदावी अशी अपेक्षा नाहीं; संरक्षित लेण्यांत टांकी लावणेंहि गुन्हा आहे. एका दिवसाच्या प्रवाशाकडून होण्याजोगी जकात निराळी आहे. पहिली, विचारपूस. आपण जें पाहत आहों त्याचें नांव काय, तें कोणीं केलें, त्यासाठीं कोणीं काय सोडलें, हें तेथल्याच माणसास ‘काका’, ‘मावशी’ म्हणून विचारावें आणि उत्तर मिळेपर्यंत थांबावें. दुसरी, संयम. २०२४ च्या पावसाळ्यांत पुणें जिल्ह्याच्या प्रशासनाला धबधबे आणि जलाशय यांच्या परिसरांत प्रतिबंधक आदेश काढावे लागले. अशा वेळीं अर्ध्या वाटेवरून परत फिरणें हेंहि एक दानच आहे. कारण कड्यावरून पडणाऱ्याला शोधण्यासाठीं रात्रीं दोर घेऊन उतरावें लागतें तें गांवच्याच पोरांना. तिसरी आणि सर्वांत जड, स्मरण. घरीं परतल्यावर त्या प्रदेशाचा प्रश्न जेव्हां वर्तमानपत्रांत येईल, विस्थापितांच्या जमिनीचा असो, हिरड्याच्या भावाचा असो, डोंगरपायथ्याच्या घरांचा असो, तेव्हां ‘तें गांव मीं पाहिलें आहे’ असें ज्याला वाटेल आणि तसें वाटून जो आपलें मत व आपलें वजन त्या बाजूस टाकील, त्यानेंच तें गांव खऱ्या अर्थानें पाहिलें.

डोंगर पाहिल्यानें झिजत नाहीं, हें आरंभीं मान्य केलेंच आहे. पण न झिजणाऱ्या वस्तूचें देणें नसतें असें मात्र ठरत नाहीं. आईबापांचें प्रेम वापरल्यानें कमी होत नाहीं. तेवढ्यावरून तें फुकट आहे असें मानणारा मुलगा आपल्याला शहाणा वाटत नाहीं. सह्याद्रीच्या या दोन तालुक्यांनीं येणाऱ्या प्रत्येकाला मुक्तहस्तें दिलें आहे, आणि बहुधा पुढेंहि देतील. रांजण घाटाच्या माथ्यावर अजून आहे. तो रिकामा राहावा कीं नाहीं, हें चढून येणाऱ्यानें ठरवावयाचें आहे.