अब्रू कोणाची?

"झांकली मूठ सव्वा लाखाची," असें आपण म्हणतों, आणि पुष्कळ बाबतींत तें खरेंही आहे. नवराबायकोचें भांडण, भावाभावांतील वांटणीची तेढ, घरची नड हीं वेशीवर टांगूं नयेत, हेंच शहाणपण. पण एका बाबतींत ही म्हण लागू करावी कीं नाहीं, याचा विचार आज आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों. घरांतील, शेजारांतील किंवा मंडळींतील एखाद्या मनुष्यानें लहान लेंकरावर किंवा वयांत येणाऱ्या मुलामुलीवर लैंगिक अत्याचार केला, तर घरानें आणि मंडळीनें गप्प राहावें काय? विषय उच्चारावयास जड आहे. परंतु ज्याचा उच्चार करण्यास मोठीं माणसें लाजतात, त्याचें ओझें लेंकरांनीं एकट्यांनीं वाहावें, हा न्याय नव्हे.

पवित्र शास्त्रानेंही ही गोष्ट झांकून ठेविलेली नाहीं. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या १३ व्या अध्यायांत दावीद राजाची कन्या तामार हिची हकीकत आहे. तिचा सावत्र भाऊ अम्नोन यानें आजाराचें सोंग घेतलें. बापाच्याच सांगण्यावरून ती त्याच्यासाठीं अन्न करावयास गेली. तिनें पुष्कळ विनविलें, तरी त्यानें बळजबरी केली आणि मग तिला बाहेर घालवून दार लावविलें. पुढें काय झालें तें पाहा. सख्खा भाऊ अबशालोम यानें तिला गप्प राहावयास सांगितलें, कारण अपराधी घरचाच होता. राजा संतापला, पण त्यानें न्याय केला नाहीं. तामार उदास होऊन भावाच्या घरीं राहिली. दोन वर्षांनीं अबशालोमानें अम्नोनास ठार करविलें, आणि अखेर बापलेकांत लढाई जुंपली. त्या मौनानें ना मुलगी सांवरली, ना घर राखलें.

हें पाप कोणी परका दुष्ट अंधारांत करितो, अशी आपली समजूत असते. भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानें २००७ सालीं एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यासाठीं १३ राज्यांतील १२,४४७ मुलांस विचारण्यांत आलें होतें. त्यांपैकीं ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनीं कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचें सांगितलें, आणि त्यांत निम्म्याहून अधिक मुलगे होते. अत्याचार करणाऱ्यांपैकीं निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे किंवा विश्वासांतले होते. बहुतेक मुलांनीं ही गोष्ट कोणासही सांगितली नव्हती.

तीं कां सांगत नाहींत? अपराधी बहुधा एकदम बळ करीत नाहीं. तो आधीं विश्वास मिळवितो. खाऊ देतो, मोबाइल हातीं देतो, घरच्यांच्या अडचणीस धांवतो. मग हळूहळू मर्यादा ओलांडतो आणि "हें आपलें गुपित" म्हणून बजावतो. पुढें धमकी येते: "तुझ्या आईला मारीन," "तुझ्यावर कोण विश्वास ठेवील?" लेंकराजवळ त्या कृत्याला शब्द नसतो, आणि कित्येकदां त्या मनुष्यावर त्याची मायाही असते. भयानें शरीर गोठतें व तोंडून आवाज फुटत नाहीं. म्हणून "ओरडली कां नाहीं?" हा प्रश्नच क्रूर आहे. न ओरडणें म्हणजे संमति नव्हे. ऑस्ट्रेलियांत संस्थांमधील अशा अत्याचारांची चौकशी करण्यास २०१३ सालीं नेमलेल्या राजकीय आयोगाला असें आढळलें कीं, पीडितांस आपली हकीकत प्रथम कोणाला तरी सांगावयास सरासरीनें जवळजवळ २४ वर्षें लागलीं. त्याच्यापुढें आलेल्यांपैकीं निम्म्याहून अधिकांवरील अत्याचार धार्मिक संस्थांमध्यें घडला होता. तेव्हां, "आमच्या मंडळींत असें होणारच नाहीं," हा भरंवसा आपण सोडावा.

येथें कोणी म्हणेल, "गवगवा केला तर पोरीचें लग्न कसें होईल? मंडळीची नाचक्की होईल. शिवाय क्षमा करावयास आपणांस शिकविलें आहे ना?" लग्नाची चिंता आम्ही हलकी मानीत नाहीं. पण चोरी झाली असतां ज्याच्या घरीं चोरी झाली त्याची अब्रू जात नाहीं, चोराची जाते. मग येथेंच लाज लेंकराच्या पदरीं कां बांधावी? क्षमेविषयीं बोलावयाचें, तर घाव ज्याला बसला त्याच्या वतीनें क्षमा करण्याचा अधिकार पाळकाला नाहीं, पंचांना नाहीं, बापालाही नाहीं. पैसे घेऊन तडजोड करणें, किंवा मुलगी त्याच मनुष्याच्या गळ्यांत बांधणें, हा तिच्यावर दुसरा अत्याचार होय. आणि गप्प बसलेली मंडळी अपराध्यास पुढचें लेंकरूं मोकळें करून देते.

कायदाही येथें स्पष्ट आहे. बालकांचें लैंगिक अपराधांपासून संरक्षण करण्यासाठीं २०१२ सालीं झालेला, पोक्सो नांवानें ओळखला जाणारा कायदा १८ वर्षांखालील मुलगा व मुलगी दोघांसही लागू आहे. असा अपराध घडल्याचें ज्याला ठाऊक आहे, त्यानें पोलिसांस कळविलेंच पाहिजे. न कळविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊं शकतात. यांतून उपदेशक वा शिक्षक सुटत नाहीं. सद्भावानें कळविणाऱ्यावर मात्र त्याबद्दल दोष येत नाहीं. मुलाचा जबाब त्याच्या घरीं किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणीं, होईल तोंवर स्त्री अधिकाऱ्यानें, गणवेश न घालतां घ्यावयाचा असतो. मुलाला रात्रीं पोलीस ठाण्यांत ठेवतां येत नाहीं, व त्याचें नांव वर्तमानपत्रांत छापतां येत नाहीं. १०९८ या क्रमांकावर मुलांसाठीं मदत मिळते.

कायदा पुष्कळ करील, पण पहिला शब्द लेंकरूं आपल्यापाशींच बोलेल. एखादें मूल अकस्मात् अबोल झालें, अंथरूण ओलें करूं लागलें, एखाद्या घरीं जाण्यास रडूं लागलें, तर तेवढ्यावरून निकाल करूं नये. पण त्याला मारूंही नये, जवळ घेऊन विचारावें. तें बोलूं लागलें तर शांतपणें ऐकावें, पुनःपुन्हां खोदून विचारूं नये. "कोणाला सांगणार नाहीं" असें वचन देऊं नये. "यांत तुझी चूक नाहीं, तूं सांगितलेंस हें चांगलें केलेंस," एवढें मात्र अवश्य म्हणावें. मग त्याला त्या मनुष्यापासून दूर ठेवावें आणि दवाखान्यांत न्यावें. आणि असें कांहीं घडण्याआधींच, मोठ्यांचें ऐकावें हा धडा देतांना, कोणी मोठा अंगाला वाईट रीतीनें हात लावील तर त्याचें ऐकूं नये, हाही धडा द्यावा.

वाचकहो, ती म्हण आपण इतर बाबतींत खुशाल पाळावी. पण या बाबतींत झांकलेल्या मुठींत सव्वा लाख नसतात. एका लेंकराचा गळा असतो. ती मूठ उघडणें हीच घराची, आणि मंडळीचीही, खरी अब्रू आहे.