स्मृतीचे मोल कोणी ठरवावे?

मनोरुग्णाला ‘शॉक देणे’ हे शब्द आपल्याकडे आजही दबक्या आवाजात उच्चारले जातात. १९३८ साली रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी प्रथम वापरलेला हा विद्युत्-उपचार आता भूल देऊन, स्नायू शिथिल करूनच करावा लागतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आपल्या देशातही तसे बंधन घातले आहे. अन्नपाणी सोडलेला, जीव द्यायला निघालेला रुग्ण या उपचाराने पुष्कळदा माणसांत येतो, हे मान्य केलेच पाहिजे.

प्रश्न आहे तो विस्मरणाचा. उपचाराआधीच्या काही महिन्यांतले, क्वचित वर्षांतलेही प्रसंग पुसले जातात. ही हानी कमी करण्याचे मार्ग आहेत. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचा कारभार डावीकडे चालतो, म्हणून प्रवाह दोन्ही कानशिलांऐवजी केवळ उजव्या बाजूने द्यावा. विजेचे ठोके अर्ध्या मिलिसेकंदाहूनही आखूड ठेवावेत. आठवड्यातून तीनऐवजी दोनदाच उपचार करावा. मात्र जे सौम्य, ते बहुधा संथ. आत्महत्येच्या कड्यावर उभ्या असलेल्या माणसाला हा संथपणा परवडेल काय?

किती स्मृती देऊन किती आयुष्य घ्यायचे, आणि हा सौदा करायचा कोणी? खोल नैराश्यात माणसाला गतायुष्यातले काहीच जपण्याजोगे वाटत नाही, आणि त्याची संमती घ्यायची ती नेमकी अशाच वेळी! या उपचाराने आपले लेखनाचे भांडवलच गेले, अशी हेमिंग्वेची तक्रार त्याच्या मित्राने नोंदवली आहे. १९६१ च्या जुलैत हेमिंग्वेने स्वतःला संपवले. त्याचे कारण हेच, असे मात्र कोणी म्हणू नये.

शब्दांच्या याद्या पाठ करवून घेणाऱ्या चाचण्यांत रुग्ण काही आठवड्यांत पूर्वपदावर येतो. पण २००३ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या आढाव्यात किमान एकतृतीयांश रुग्णांनी स्मृती कायमची गेल्याचे सांगितले होते. आम्हा परीक्षकांना यात नवल वाटू नये. प्रश्नपत्रिकेत जे विचारलेलेच नाही, त्याचे अज्ञान निकालात कुठून दिसणार? मुलीच्या लग्नात पंगतीला कोण कोण होते, हे चाचणीत कोणी विचारीत नाही.

म्हणून उपचारापूर्वीच घरच्यांनी रुग्णाजवळ बसून त्याच्या आठवणी वहीत उतरवून घ्याव्यात, आणि पुढे डॉक्टरांनी त्याच विचाराव्यात. बायकोने वाचून दाखवलेले नातवाचे बारसे त्याला कळेल; आठवेलच असे नाही. तरीही वही लिहावी. सही करण्यापूर्वी काय पणाला लागले आहे, ते निदान सगळ्यांपुढे असेल.