नाही म्हणायची ऐपत

पावसाळ्यातला कुठलाही रविवार घ्या. चांदणी चौकातून निघालेली गाड्यांची रांग भूगाव, पिरंगुट, पौड असं करत ताम्हिणीकडे सरकत असते आणि मुळशीच्या जलाशयाशी थबकते. कणसं, भजी, फोटो. एवढं पाणी बघून सगळ्यांनाच बरं वाटतं. हे पाणी अडवलं ते पुण्याची तहान भागवायला नव्हे, मुळशीच्या आंबेमोहोरासाठी तर नव्हेच. सह्याद्रीतून ते खाली कोकणात, भिऱ्याला उतरवलं जातं. तिथं त्याची वीज होते आणि ती मुंबईला जाते.

शंभर वर्षांपूर्वी याच पाण्यावरून या खोऱ्यात जे झालं, ते आपण पर्यावरणाच्या किंवा स्वातंत्र्यलढ्याच्या खात्यात टाकून मोकळे होतो. मला ती स्वाभिमानाची गोष्ट वाटते. आरशासमोर उभं राहून स्वतःला शाबासकी द्यायला सांगणारी पुस्तकं हल्ली गठ्ठ्यानं विकली जातात. त्यांतल्या स्वाभिमानाशी मात्र या गोष्टीचा काही संबंध नाही.

नीला आणि मुळा नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचं टाटा कंपनीनं ठरवलं. पन्नासहून अधिक गावांची जमीन पाण्याखाली जाणार होती. सरकार पाठीशी होतं, 1894 चा भूसंपादन कायदा हाताशी होता आणि जमिनीचा रीतसर ताबा मिळायच्या आधीच शेतांत खोदकाम सुरू झालं. भरपाई मिळणार होती. मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळेल, देशी उद्योग वाढेल, असं समजावणारी शहाणी माणसं पुण्यातही होती. तो हिशेब अगदीच खोटा होता असंही नाही. फक्त तो मांडताना मावळ्यांना कुणी विचारलं नव्हतं. ‘किती घेणार?’ हा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचला, ‘देणार का?’ हा कधीच आला नाही.

1921 च्या रामनवमीला, 16 एप्रिलला, सत्याग्रह सुरू झाला. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. पांडुरंग महादेव बापट इथंच ‘सेनापती’ झाले. विनायकराव भुस्कुटे त्यांच्याबरोबर होते. काम काही काळ थांबलं, पुन्हा सुरू झालं, माणसं तुरुंगात गेली. पण लढा आतूनच पोखरला गेला. बऱ्याच जमिनी कागदावर पुण्यातल्या सावकारांच्या होत्या. कसणारा मावळा कूळ होता किंवा कर्जात बुडालेला. सावकाराला पैसे हवे होते. त्यानं ते घेतले. चिखलात उभ्या असलेल्या माणसाचा ‘नाही’ दफ्तरात चढत नाही, कारण सही दुसऱ्याची असते. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा फार बारकाईनं अभ्यास केला आहे. त्यांचं पुस्तक मिळालं तर जरूर वाचा. शेवटी बापटांनी धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडवली, त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि ते 1931 मध्ये सुटले. तोवर धरण पुरं होऊन वीज वाहू लागली होती.

मराठीत ‘मिंधा’ हा फार नेमका शब्द आहे. मिंधा माणूस गरीबच असतो असं नाही, कधीकधी चांगला सुखवस्तूही असतो. फक्त त्याला नाही म्हणता येत नाही. स्वाभिमानाचा उलटा शब्द मी तरी ‘अपमान’ धरत नाही, ‘मिंधेपणा’ धरतो. अपमान गिळूनही माणूस ताठ राहू शकतो. मिंध्याला सत्कारातसुद्धा मान वर करवत नाही.

मुळशीच्या आधीची बापटांची एक गोष्ट आहे. एडिंबरोला जाऊन यंत्रशास्त्र शिकलेला, पॅरिसमध्ये बाँबची विद्या मिळवलेला हा माणूस पारनेरला परतला आणि हातात झाडू घेऊन गावचे रस्ते झाडू लागला. ‘कुठलंच काम हलकं नसतं’ हे पटवायला ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. मला ती तेवढ्यावर सोडवत नाही. बापटांना झाडू खाली ठेवता येत होता. ज्यांच्या हाती जातीनं झाडू दिला, त्यांना ती मुभा नव्हती. तेव्हा श्रमाची प्रतिष्ठा झाडूत नसते, तो नाकारता येण्यात असते. मुळशीचं पाणी भिऱ्याला कोसळून त्याची वीज होऊ लागली ते साल 1927. त्याच साली, त्याच कुलाबा जिल्ह्यात, महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला बाबासाहेबांना हजारो माणसांसह सत्याग्रह करावा लागला.

आता आजच्या मुळशीत येऊ. प्रवीण तरडे यांच्या 2018 च्या ‘मुळशी पॅटर्न’नं या तालुक्याचं नावच एका दुखण्याला दिलं. शहर सरकत आलं, गुंठ्याला भाव आला, जमीन गेली, पैसा आला आणि गेलाही. ‘गुंठामंत्री’ म्हणून आपण पुण्यात बसून हसतो, गळ्यातल्या साखळीची जाडी मोजतो. पण आपल्याच विकलेल्या शेतावरच्या इमारतीच्या फाटकाशी जो रखवालदार म्हणून उभा राहतो, त्याला हसू येत नसावं. त्याला या वेळी विचारलं होतं, हे खरं. पण सातबाऱ्यावर बोजा, मुलीचं लग्न आणि शेजाऱ्यानं आधीच विकलेलं रान, हे सगळं समोर ठेवून विचारलेल्या प्रश्नाला ‘विचारणं’ म्हणावं का?

हिंजवडीही याच तालुक्यातली. काचेच्या इमारतीत चांगल्या पगारावर बसलेल्या इंजिनिअरला साहेब शुक्रवारी रात्री काम सांगतो आणि तो ‘हो’ म्हणतो. कौशल्य त्याच्याकडे भरपूर असतं. आत्मविश्वासाच्या कार्यशाळाही झालेल्या असतात, कंपनीच घेते. नसतो तो फ्लॅटच्या हप्त्यांतून सुटलेला श्वास. वीस वर्षांचं कर्ज म्हणजे वीस वर्षांचा सावकार, फक्त तो दारात येऊन बसत नाही. म्हणून नोकरीत स्वाभिमान कसा जपावा असं कुणी तरुणानं विचारलं, तर मी त्याला वागण्याबोलण्याच्या युक्त्या सांगत नाही. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला टाक म्हणतो, आणि फ्लॅट एक खोली लहान घे. हा सल्ला फारच वाण्याचा वाटतो हे मला मान्य आहे. पण भरल्या कणगीचा शेतकरी बाजारात भाव न पटल्यास माल परत आणतो, रिकाम्या कणगीचा देऊन टाकतो. यात स्वभावाचा भाग फार थोडा.

आणि घर? तिथं तर हा प्रश्न सगळ्यांत कमी विचारला जातो. मुळशीत गुंठ्याचे भाव चढले तशी बहिणींची आठवण वाढली. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क महाराष्ट्रानं 1994 मध्ये दिला, देशानं 2005 मध्ये. तेव्हा जमीन विकायची तर बहिणीची सही लागते. मग भाऊ गाडी घेऊन सासरी जातो, साडी नेतो. ‘ताई, तुला काय कमी आहे? कागदावर एक सही तेवढी दे,’ म्हणतो. ती हक्कसोडपत्रावर सही करते. जमिनीचा तिला लोभ नसतो असं नाही. माहेरचं दार बंद होईल ही धास्ती मोठी असते. हिस्सा मागणारी बहीण हावरी ठरते आणि सोडणारी मनाची मोठी, हे मोजमाप कुणी ठरवलं, असं ती विचारत नाही. बहीण स्वखुशीनं हक्क सोडत असेल तर तिच्या मोठेपणाला माझा नमस्कार. पण स्वखुशी आहे की नाही, ते सही न केल्यावर काय झालं असतं यावरून कळतं. मुळशीच्या कुळाच्या ‘नाही’ला कागद नव्हता. या बाईकडे आज कायदा आहे, कागद आहे, सहीसुद्धा तिचीच आहे.

हा अंक तुमच्या हाती असेल तेव्हा भाऊबीज तोंडावर आलेली असेल. ताटाशेजारी एखादा कागद ठेवलेला दिसला, तर ताई, निरांजन विझायच्या आत सही करू नका. कागद घरी न्या, चार दिवस ठेवा, जाणत्या वकिलाकडून वाचून घ्या. आणि भावांनो, गाडी काढण्याआधी एकदा ठरवा, की ती ‘नाही’ म्हणाली तरी पुढच्या वर्षी ओवाळून घ्यायला याल ना? वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा भावाच्या नावे विनामोबदला सोडायला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क लागतं 500 रुपये. ओवाळणी बहुतेक घरांत त्याहून जास्त असते.