बांडगूळ कोणाला म्हणायचं?

स्पर्धा परीक्षेसाठी तिसऱ्या वर्षी घरी बसलेला मुलगा. नवऱ्याकडून माहेरी परत आलेली मुलगी. अनुदान घेणारा शेतकरी. या तिघांसाठी आपल्याकडे एकच शब्द पटकन तोंडात येतो : बांडगूळ. थोडं शिकलेलं कुणी असेल तर ‘परजीवी’ म्हणतं. हा शब्द साध्या शिवीपेक्षा जास्त लागतो. शिवी फक्त राग सांगते. ‘परजीवी’ म्हटलं की वाटतं, आता विज्ञानानंच निकाल दिला.

मग विज्ञान खरंच काय म्हणतं, ते बघू या.

आधी आंब्यावरचं बांडगूळ घ्या. त्याची पानं हिरवीगार असतात. म्हणजे उन्हात आपलं अन्न ते स्वतः तयार करतं. झाडाकडून घेतं ते मुख्यतः पाणी आणि क्षार. झाडाला त्रास होतो हे खरं, पण हे काही पूर्ण आयतं खाणं नव्हे. शिवीसाठी निवडलेलं उदाहरणच अर्धवट निघालं. म्हणून पक्का परजीवी शोधायला पाण्यात उतरावं लागेल.

परभणी जिल्ह्याला समुद्र नाही. पण गोदावरी आहे, पूर्णा आहे, दुधना आहे, जिंतूर तालुक्यात येलदरीचं धरण आहे. रोहू, कटला, मृगळ हे आपल्या गोड्या पाण्यातले ओळखीचे मासे. अशा माशांच्या अंगातून कधीकधी दोऱ्याचा तुकडा लोंबताना दिसतो, आणि बुडाशी लालसर जखम असते. हा दोरा म्हणजे लर्निया नावाचा प्राणी, म्हणजे त्याची मादी. तिचं डोकं माशाच्या मांसात जहाजाच्या नांगरासारखं रुतलेलं असतं आणि शेपटीकडे अंड्यांच्या दोन पिशव्या असतात. पोहायचे पाय इतके खुरटलेले की दिसतही नाहीत. कुणीही म्हणेल, हा जंत आहे.

लिनियस या थोर वर्गीकरणकारालाही तेच वाटलं. १७५८ साली त्यानं लर्नियाला कृमींच्या गटात टाकलं. समुद्री माशांच्या कल्ल्यांत अडकलेले, रक्तानं फुगलेले असेच प्राणी पाहून इतरांचाही गोंधळ होत होता. १८३२ मध्ये आलेक्झांडर फॉन नॉर्डमन या अभ्यासकानं या प्राण्यांच्या अंड्यांतून निघणाऱ्या पिल्लांची वर्णनं प्रसिद्ध केली. ती पिल्लं जंतासारखी नव्हतीच. त्यांना एक डोळा होता, पायांच्या तीन जोड्या होत्या आणि ती पाण्यात मजेत पोहत होती. पिल्लाची ही ठेवण कवचधारी प्राण्यांची, म्हणजे झिंगा आणि खेकडा यांच्या कुळाची. जंत समजलेला प्राणी कोपेपॉड निघाला. या नावाचा अर्थच मुळी ‘वल्ह्यासारखे पाय असलेला’ असा आहे.

चूक कुठे झाली होती? आयुष्यातली एकच अवस्था पाहून प्राण्याची जात ठरवली गेली होती. अंड्यातून बाहेर आल्यावर लर्निया कात टाकत टाकत नॉप्लियसच्या ३ आणि कोपेपोडिडच्या ५ अवस्थांतून जातो. त्यानंतर मादी माशात रुतून दोऱ्यासारखी होते. नर कधीच तसा होत नाही. तेव्हा ‘परजीवी’ हे नातं झालं. कोण, कोणावर, आयुष्याच्या कोणत्या टप्प्यात जगतो, एवढंच ते सांगतं. तो कुळाचा दाखला नाही आणि स्वभावाचा तर नाहीच.

तरी माणसांनी त्यातून स्वभाव काढलाच. १८८० साली रे लँकेस्टर या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानं ‘ऱ्हास’ या विषयावर पुस्तक लिहिलं. परजीवींना आयतं मिळतं म्हणून त्यांचे अवयव झडतात, असं मांडून तोच धोका त्यानं माणसांच्या समाजालाही लावला. पण पाय खुरटण्याला ऱ्हास म्हणायचं आणि नांगर उगवण्याला काहीच म्हणायचं नाही, हे मोजमाप आपलं आहे. प्राण्याचं नाही.

इथे आणखी एक नातेवाईक भेटतो. सायक्लॉप्स. हासुद्धा कोपेपॉड, लर्नियाच्याच गणातला, पण कुणाच्या अंगावर न जगणारा. शिवीच्या हिशेबानं हा स्वाभिमानी भाऊ. आणि आपल्या गावांत नारू पसरला तो याच्यामार्फत. नारूची सूक्ष्म पिल्लं सायक्लॉप्सच्या पोटात असायची. ते पाणी माणूस प्यायचा. साधारण वर्षानं हातभर लांब जंत पायातून बाहेर यायचा, आग आग व्हायची. मग तोच माणूस पायऱ्या उतरून बारवेच्या पाण्यात पाय बुडवायचा आणि पिल्लं पुन्हा पाण्यात जायची. परभणी जिल्ह्यातल्या चारठाणा, वालूरच्या बारवा आज आपण कौतुकानं बघतो. पायऱ्यांनी थेट पाण्यापर्यंत नेणारी ही रचना सुंदर खरी, पण नारूलाही अशीच रचना सोयीची होती.

आता सांगा, दोष कुणाचा? पाय बुडवणाऱ्याचा, सायक्लॉप्सचा, की बारव बांधणाऱ्याचा? नारू हटवताना या प्रश्नावर कुणी अडून बसलं नाही. लस नव्हती, जंत मारणारं औषध नव्हतं. पाणी कापडानं गाळून प्यायचं, रुग्णाला पाण्यात उतरू द्यायचं नाही, पायऱ्यांच्या विहिरींऐवजी हातपंप द्यायचे, पाण्यात सायक्लॉप्स मारणारं औषध टाकायचं. साखळी तुटली. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ साली नोंदला गेला आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला. नुकसान खरं होतं, उपायही कडक होता. पण त्यासाठी कुणाला नीच ठरवावं लागलं नाही.

यावर कुणी म्हणेल, मग दुसऱ्याचं रक्त पिणारी माणसं नसतातच का? असतात. अवाच्या सवा व्याज लावणारा सावकार असतो, मजुराची मजुरी बुडवणारा मुकादम असतो. त्यांना नाव ठेवायलाच हवं. माशाला ओढणीचा हिशेब नसतो, माणसाला असतो, आणि माणूस वेगळं वागू शकतो. म्हणूनच त्याच्यावर जबाबदारी येते. पण गंमत अशी की आपण हा शब्द त्यांना क्वचित वापरतो. तो खाली फेकला जातो. पहाटेपासून घरातली सगळी कामं उपसणाऱ्या लेकीला ‘बसून खाते’ म्हणणारा माणूस तिनंच केलेली भाकरी खात असतो. अनुदानावरून शेतकऱ्याला फुकटा म्हणणाऱ्याला कांदा मात्र स्वस्तच हवा असतो. कोण कोणावर जगतंय हे तपासलं, तर बऱ्याच वेळा बाण उलट्या दिशेला वळतो.

आणि परीक्षेची तयारी करणारा तो मुलगा? त्याच्यामुळे घरावर ओझं पडतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. किती दिवस, किती पैसे, नाही जमलं तर पुढे काय, हे घरानं त्याच्याशी स्पष्ट बोलावं आणि त्यानंही उत्तर द्यावं. हा अवस्थेबद्दलचा प्रश्न आहे, त्याला उत्तर असतं. ‘तू बांडगूळच’ हे जात ठरवणं झालं, त्याला उत्तर नसतं. लिनियसची चूक सुधारायला ७४ वर्षं लागली, आणि त्यात प्राण्याचं काही बिघडलं नाही. बाविशीतल्या पोराला चिकटलेली चुकीची नोंद मात्र तो स्वतः वाचत असतो, रोज.