देश तसा वेश?



मागच्या महिन्यात रविवारची मिस्सा आटोपल्यावर आपल्या धर्मग्रामातील एक काकू मला दाराशी थांबवून म्हणाल्या, "फादर, मुलाकडे अबू धाबीला चाललेय. तो म्हणतो, तिथली शेख झायेद मशीद बघण्यासारखी आहे. पण आत जाताना बायकांना डोकं झाकावं लागतं, चपला काढाव्या लागतात. माझ्या गळ्यात क्रूस. मी तसं केलं तर त्यांचा धर्म मानल्यासारखं नाही का होणार?"

मागे चार जण बोलायला थांबले होते. मी घाईघाईने म्हणालो, "जा काकू, देश तसा वेश." काकू हसून निघून गेल्या, पण त्यांचे समाधान झाले असे मला वाटले नाही. मलाही ते उत्तर दिवसभर टोचत राहिले.

ही म्हण आपण बहुधा कोणत्या सुरात वापरतो ते पाहा. वारा वाहील तशी पाठ द्यावी, त्याच सुरात. पहारेकऱ्याने आत सोडावे म्हणून डोके झाकायचे आणि बाहेर आल्यावर त्या लोकांची टिंगल करायची, तर ते झाकणे तिकिटासारखे झाले. त्याला आदर म्हणता येत नाही. काकूंचा प्रश्न सोयीचा नव्हताच. तो विवेकबुद्धीचा होता, आणि त्याला विवेकबुद्धीचेच उत्तर हवे होते.

काकूंसारखीच मुलाकडे परदेशी गेलेली एक आई आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासात आहे. संत मोनिका इ.स. 385 मध्ये उत्तर आफ्रिकेतून मिलानला, ऑगस्टीनकडे आली. तिथे तिला पहिली अडचण आली ती शनिवारच्या उपवासाची. आपल्या गावची रीत पाळावी की मिलानची? ऑगस्टीनने बिशप आंब्रोस यांना विचारले. त्यांचे उत्तर साधे होते. मी रोमला गेलो की शनिवारी उपवास करतो, इथे असलो की करीत नाही. ज्या ख्रिस्तसभेत जाल तिची रीत पाळा, म्हणजे तुमच्यामुळे कोणी अडखळणार नाही आणि कोणामुळे तुम्हीही अडखळणार नाही.

दुसरी अडचण अधिक जिव्हारी लागणारी होती. आफ्रिकेतल्या प्रथेप्रमाणे मोनिका हुतात्म्यांच्या कबरींवर अन्न, भाकरी आणि द्राक्षारस घेऊन गेली. द्वारपालाने तिला अडवले. आंब्रोस यांनी ही प्रथा बंद केली होती, कारण तिच्या निमित्ताने दारू पिण्याचे प्रकार होत आणि ती जुन्या मूर्तिपूजकांच्या पितृविधींसारखी दिसे. आयुष्यभर भक्तिभावाने केलेली गोष्ट परक्या गावात एक द्वारपाल चुकीची ठरवतो! आपल्यापैकी किती जण तिथे शांत राहिले असते? मोनिका राहिली. त्यानंतर ती कबरींवर प्रार्थना घेऊन जाऊ लागली आणि अन्न गरिबांना देऊ लागली. ऑगस्टीन मात्र मोठ्या प्रामाणिकपणे लिहून ठेवतात की आंब्रोस यांच्याऐवजी दुसऱ्या कोणी मनाई केली असती, तर आईने इतक्या सहज ऐकले असते की नाही, शंकाच आहे. तिचे आंब्रोस यांच्यावर फार प्रेम होते. संतांनासुद्धा परक्यांची रीत आवडत्या माणसामुळेच सोपी होते, हे वाचून मला थोडे हायसे वाटते.

पण आंब्रोस यांचे उत्तर एकाच श्रद्धेच्या दोन गावांपुरते होते. काकूंना दुसऱ्या धर्माच्या प्रार्थनास्थळात जायचे आहे. तिथे संत पौल मदतीला येतात. करिंथच्या ख्रिस्ती लोकांना ते सांगतात की, कोणी जेवायला बोलावले तर पानात वाढलेले चौकशी न करता खा. पण हे मूर्तीला अर्पण केलेले आहे असे कोणी मुद्दाम सांगितले, तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नका. मांस तेच, ताट तेच. बदलतो तो त्या कृतीचा समोरच्याच्या मनातला अर्थ. मशिदीत डोके झाकणे हे प्रत्येक पाहुणीकडून अपेक्षित असते, आणि "मी तुमच्या घरी पाहुणी आहे" एवढेच ते सांगते. नमाजाच्या रांगेत उभे राहणे मात्र दुसरेच काही सांगेल, आणि ते खरे नसेल. पोप जॉन पॉल दुसरे 2001 मध्ये दमास्कसच्या उमय्यद मशिदीत गेले तेव्हा त्यांनी बूट काढले होते. काकू जाणार आहेत त्याच मशिदीला पोप फ्रान्सिस यांनी 2019 मध्ये भेट दिली होती. दोघांच्याही श्रद्धेला त्याने धक्का लागला नाही.

हे झाले पाहुण्याचे. यजमानाने काय करावे, त्यासाठी आपल्या कोल्हापूरचीच गोष्ट आहे. राजाराम महाराज 1870 मध्ये युरोपच्या प्रवासाला गेले. परतीच्या वाटेवर, अवघे वीस वर्षांचे असताना, 30 नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये त्यांचे निधन झाले. हे कॅथॉलिक शहर. तिथे मृतांना पुरण्याचीच रीत. पुढे 1886 मध्ये तर आपल्या ख्रिस्तसभेने दहनाला स्पष्ट मनाई केली, ती 1963 मध्ये उठली. तरीही शहराने खास परवानगी दिली आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदू विधीप्रमाणे महाराजांचे दहन झाले. पंचगंगेच्या काठी राहणाऱ्या आपल्याला संगमाचे महत्त्व सांगायला नको. राजा इंग्रजांच्या छत्राखालचा होता म्हणून दरवाजे लवकर उघडले असतील. सामान्य वाटसरूला ती परवानगी मिळाली असती का, हा प्रश्न उरतोच. पण 1874 मध्ये तिथे छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मेजर मँट यांचा, ज्यांनी पुढे आपला नवा राजवाडा बांधला. जवळच्या पुलालाही आज फ्लॉरेन्सचे लोक त्या 'इंडियानो'च्याच नावाने ओळखतात.

आपल्या देवळाच्या दाराशीही हे रोज घडते. लग्नाच्या मिस्सेला हिंदू शेजारी येतात आणि पायरीवर चपला काढतात. आपण सगळे बूट घालून आत बसलेले. पूर्वी मी म्हणायचो, "राहू द्या, इथे चालतं." एकदा एक आजोबा म्हणाले, "तुमच्यात चालत असंल फादर, देवाच्या घरात आमच्यात चालत न्हाई." तेव्हापासून मी गप्प बसतो. पावसाळ्यात त्या चपला भिजतात, म्हणून दाराच्या आत एक लाकडी मांडणी ठेवायला सांगितली आहे. हेच पाहुणे कधी कम्युनियनच्या रांगेत येतात, तेव्हा मात्र मी त्यांना ख्रिस्तशरीर देऊ शकत नाही. डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतो. आजवर कोणी रागावलेले नाही.

काकू पुढच्या आठवड्यात निघत आहेत. त्यांना दाराशी सांगायचे राहून गेले ते इथे सांगतो. ओढणी घ्या, चपला काढा, मशीद डोळे भरून पाहा. क्रूस गळ्यातच असू द्या. ओढणीखाली झाकला गेला तरी तो तुमचाच आहे. आणि परत आलात की मला तिथले सगळे सांगा.

तुमचा,
फादर