लोकलमधल्या तासाचा भाव

आमच्या घरशोधाची एक एक्सेल शीट होती. तिला नऊ रकाने होते. स्टेशन, किंमत, कार्पेट एरिया, बिल्डिंगचं वय, स्टेशनपासून चालत किती मिनिटं, पाणी किती वेळ, पार्किंग, ईएमआय आणि शेवटी शेरा. शेरा नवरा लिहायचा. ‘हवेशीर’, ‘एजंट थापाड्या’, ‘खिडकीसमोर दुसऱ्यांचं बाथरूम’. सहा महिन्यांत बावीस घरं पाहिली आणि शेवटी तीन उरली.

मुलुंडला वन-बीएचके, एक कोटी दहा लाख. डोंबिवलीला जुन्या बिल्डिंगमध्ये टू-बीएचके, बहात्तर लाख. बदलापूरला नव्या टॉवरमध्ये टू-बीएचके, पंचेचाळीस लाख, आणि खाली स्विमिंग पूल. तिन्ही स्टेशनं एकाच रेल्वेमार्गावर. सीएसएमटीपासून मुलुंड साधारण ३१ किलोमीटर, डोंबिवली ४८, बदलापूर ६८. म्हणजे बदलापूरहून सदतीस किलोमीटर अलीकडे सरकलं की एक खोली कमी होते आणि किंमत जवळपास अडीचपट होते. भिंती त्याच विटांच्या, सिमेंट त्याच कंपन्यांचं. मग हे वरचे पासष्ट लाख कशाचे?

माझं ऑफिस लोअर परळला आहे. नवऱ्याचं ऐरोलीला, पण आठवड्यातले तीन दिवस तो घरूनच काम करतो. एका रविवारी मी शीटमध्ये दहावा रकाना टाकला. वेळ.

दारापासून दारापर्यंत मुलुंडहून मला एक तास लागला असता, बदलापूरहून एक तास पन्नास मिनिटं. फरक एका फेरीला पन्नास मिनिटं, दिवसाला शंभर. वर्षाला अडीचशे दिवस धरले तर चारशेहून जास्त तास. वीस वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत सुमारे ८,३००. दिवसरात्र मोजले तर जवळजवळ एक अख्खं वर्ष. दोन्ही घरांतला पासष्ट लाखांचा फरक या तासांनी भागला, तर तासाला ७८० रुपये येतात. माझा पगार तासाला जेमतेम चारशे पडतो. म्हणजे बदलापूरच्या लोकलमध्ये नुसतं उभं राहण्याचे मला कंपनीपेक्षा दुप्पट पैसे मिळणार होते!

नवरा खूश झाला. “बघ, आपल्याला बदलापूरच परवडतं.”

‘आपल्याला परवडतं.’ या दोन शब्दांपाशी मी अडकले. आपल्या भाषेत ही सोय छान आहे. ‘आपल्याला’ म्हटलं की घरातलं नेमकं कोण किंमत मोजणार, ते सांगावं लागत नाही. ईएमआय दोघांच्या खात्यातून जाणार होता, पण ८,३०० तास एकटीच्या.

त्या हिशेबात आणखी एक चूक होती, आणि ती सापडायला मला दोन दिवस लागले. मुलुंडचं घर घेतलं तर ते पासष्ट लाख खर्च होत नाहीत, घरात राहतात. व्याज जातं, पण उद्या घर विकलं तर मुद्दल हातात येऊ शकतं. तास मात्र कुठेच जमा होत नाहीत. शिवाय सगळे तास सारखेही नसतात. सकाळी सहाचा तास आणि संध्याकाळी सातचा तास यांचा भाव एक कसा असेल? आमची मुलगी तीन वर्षांची आहे, नऊला झोपते. रात्री आठला घरी पोचणं आणि आठ पन्नासला पोचणं यांत पन्नास मिनिटांचाच फरक, पण तेवढ्यात तिचा त्या दिवसातला माझ्यासोबतचा सगळा वेळ येतो.

मग मुलुंडच घ्यावं. बँक ऐंशी लाखांपर्यंत कर्ज द्यायला तयार होती, साडेआठ टक्क्यांनी महिना जवळपास सत्तर हजारांचा हप्ता. ओढाताण होती, पण जमलं असतं. उरलेले तीस लाख, वर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी. आमची शिल्लक वीस. बाकीचं बाबा म्हणाले, “माझा पीएफ घे.”

बाबा डोंबिवलीला राहतात. त्यांचं तिथं येणं हीही एका घराचीच गोष्ट. आजोबा गिरणीत होते, लालबागच्या चाळीत खोली. भोंगा झाला की दहा मिनिटांत कामावर. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. संप कधी संपला, याची तारीख आजोबांना शेवटपर्यंत सांगता आली नाही. चार वर्षांनी खोली पगडीवर देऊन टाकली आणि कुटुंब डोंबिवलीला आलं. आज माझं ऑफिस एका बंद गिरणीच्या जागेवरच्या काचेच्या इमारतीत आहे. आजोबा जिथं चालत जायचे, तिथून फार लांब नाही. तिथं पोचायला मला किती वेळ लागावा, एवढंच मी एक्सेलमध्ये ठरवत होते.

हे असंच व्हायचं होतं का? जागेचे भाव पावसासारखे वरून पडतात, असं आपण बोलतो. पण गिरण्यांच्या जमिनींचं काय करायचं, हे माणसांनीच बसून ठरवलं. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम होता. गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला. २००१ मध्ये दुरुस्ती झाली आणि ही वाटणी फक्त गिरणीच्या आवारातल्या मोकळ्या जमिनीपुरती उरली. इमारती उभ्या होत्या, ती जमीन वाटणीतून सुटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती मान्य केली. त्या एका ओळीमुळे लोअर परळला किती घरं झाली नाहीत, हे मला मोजता येत नाही. पण माझ्या शीटमधलं पहिलं स्टेशन मुलुंड का आहे, याच्या उत्तराचा एक तुकडा तिथं आहे.

डेव्हिड रिकार्डोने १८१७ मध्येच मांडलं होतं की जमिनीचं भाडं मालकाच्या कष्टातून येत नाही, दुसऱ्या जमिनीपेक्षा ती जितकी सरस, तेवढ्या फरकातून येतं. तो शेतीबद्दल बोलत होता, सुपीक आणि नापीक जमिनीबद्दल. शहरात सुपीकपणाच्या जागी स्टेशन ठेवा. पुढे १८७९ मध्ये हेन्री जॉर्ज या अमेरिकन लेखकाने ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ लिहिलं. त्याचं म्हणणं सोपं आणि झोंबणारं होतं. रस्ता, बाजार, शाळा, माणसांची वस्ती हे सगळं समाज उभारतो, त्यामुळे जागेचा भाव वाढतो, आणि ती वाढ मात्र ज्याच्या नावावर कागद आहे त्याच्या खिशात जाते. म्हणून कर जमिनीच्या मोलावर लावा, असा त्याचा आग्रह होता. त्याच्या सगळ्या उपायांशी सहमत व्हायची गरज नाही. पण पासष्ट लाख कशाचे, या माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात होतं. ते विटांचे नव्हते. ते रेल्वेचे, रस्त्यांचे, जवळच्या नोकऱ्यांचे होते, म्हणजे लाखो लोकांनी मिळून केलेल्या गोष्टीचे. आणि ते द्यायचे होते एका माणसाला.

तेव्हा मला हिशेब वेगळा दिसू लागला. बदलापूर घेतलं तर किंमत मी मोजणार. मुलुंड घेतलं तर बाबा, त्यांच्या म्हातारपणातून. तिसरं राहिलं डोंबिवली, आईबाबांपासून दहा मिनिटांवर. ऑफिसला एक तास पंचवीस मिनिटं, मधलंच काहीतरी. पण तिथंही कुणीतरी मोजणार होतंच. मुलीला दिवसभर आई सांभाळणार, हे आम्ही दोघांनी न बोलता धरून ठेवलं होतं. शीटमध्ये ‘पाळणाघर : शून्य रुपये’ असं मी स्वतःच लिहिलं होतं.

त्या शून्याची मला लाज वाटली आणि मी आईला नीट विचारलं. ती म्हणाली, “सांभाळीन. पण दुपारी दोन ते चार मी झोपणार, तेव्हा कुणाला तरी ठेव. आणि शनिवार-रविवार माझे.” तिच्या अटी ऐकून नवरा हसला. मी नाही हसले, कारण सहा महिन्यांत पहिल्यांदाच किंमत मोजणारं माणूस आपली किंमत स्वतः सांगत होतं.

बाबाही आपणहूनच देत होते, मग त्यांना नाही का म्हटलं? यावर मी बराच विचार केला. फरक मला एवढाच दिसतो. आईचा शब्द दर महिन्याला बदलता येतो. तिचे गुडघे दुखायला लागले तर ती थांबू शकते, आम्ही पाळणाघर बघू. बाबांचे पैसे एकदा भिंतीत गेले की ते आजारी पडले तरी भिंत फोडून काढता येणार नाहीत. माणूस हौसेने हो म्हणाला म्हणून सगळंच घ्यायचं नसतं. त्याला पुढे नाही म्हणायची जागा उरते का, तेही बघावं लागतं.

आम्ही डोंबिवलीचं घर घेतलं.

इथं ही गोष्ट संपली असती तर मी लिहिली नसती. आईबाबा निदान आमच्या खोलीत होते, त्यांना विचारता आलं. काही माणसं त्या खोलीत नव्हतीच.

माझा एक सहकारी आहे, माझ्याच पगाराचा, माझ्याच वयाचा. तोही त्या दिवसांत घर शोधत होता. एकदा कँटीनमध्ये मी त्याला आमची शीट दाखवली. त्याने सगळे रकाने पाहिले आणि म्हणाला, “माझ्या यादीत याच्या आधी एक रकाना असतो. देतील का?” तो मुसलमान आहे. किंमत, कार्पेट, पाणी हे सगळं त्याच्यासाठी दुसऱ्या पानावर. एजंट फोनवर उत्साहात बोलतो, नाव सांगितलं की मालकाचा भाचा अचानक अमेरिकेतून परत येतो. हा प्रकार नवा नाही. परदेशातून एवढं शिकून आलेल्या डॉ. आंबेडकरांना १९१७ मध्ये बडोद्यात राहायला जागा मिळेना. पारशी खानावळीत ते थांबले, तर जात कळल्यावर लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. पैसे आणि नोकरी दोन्ही असून. आपण ज्याला ‘चांगली वस्ती’ म्हणतो, तिच्या भावात कुणाला आत घेतलं नाही याचाही वाटा असतो.

दुपारी दोन तासांसाठी आम्ही ज्या ताईंना ठेवलं, त्या दिव्याहून येतात. घरं स्वस्त म्हणून आम्ही डोंबिवलीला आलो आणि आमच्या कामाला येणाऱ्या बाईला डोंबिवलीही परवडत नाही. फुटपाथवर राहणाऱ्यांच्या प्रसिद्ध खटल्यात, ओल्गा टेलिस प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये म्हटलं होतं की जगण्याच्या हक्कात उपजीविकाही येते. माणसं तिथं राहतात कारण काम जवळ असतं. तत्त्व मान्य झालं, तरी झोपड्या हटवायला न्यायालयाने बंदी केली नाही, नोटीस द्या म्हटलं. त्यांचे तास कुठल्या शीटमध्ये धरायचे? मी त्यांच्या पगारात येण्याजाण्याचा वेळ धरला. फार काही नाही, पण आईच्या शून्यानंतर तेवढं तरी सुचलं.

आणि आता माझी स्वतःची गोष्ट. घर शोधताना मी रोज म्हणायचे, भाव पडायला हवेत, तरुणांनी जगायचं कसं? टोकन दिलं आणि आठव्या दिवशी कल्याण–तळोजा मेट्रोची बातमी दिसली. पहिला विचार ‘लोकांचा प्रवास सोपा होईल’ हा नव्हता. ‘आपल्या घराचा रेट वाढेल’ हा होता. मी काही केलं नव्हतं. एक चेक दिला होता. पण एका सहीनं मी रांगेच्या या टोकाहून त्या टोकाला गेले होते. आता माझा फायदा म्हणजे माझ्यामागून येणाऱ्या मुलीचा ईएमआय.

यातून सुटका आहे, असं मला वाटत नाही. घर विकून साधू व्हायचं तर मुलीला कुठे झोपवू? पण हित बदललं म्हणून मतही बदलायलाच हवं, असं नाही.

याची परीक्षा लवकरच आली. सप्टेंबरमध्ये सोसायटीची वार्षिक सभा झाली. लिफ्टचा खर्च, टाकीची गळती, आणि मग एक काका उठले. म्हणाले, घर भाड्याने देताना ‘तसल्या’ लोकांना देऊ नये, असा ठराव करू या, नाहीतर वस्ती बिघडते आणि रेट पडतो. कुणी ‘तसले’ म्हणजे कोण, विचारलं नाही. माना हलल्या. खरं सांगते, ‘रेट पडतो’ ऐकल्यावर पोटात माझ्याही काहीतरी हललं. मग कँटीनमधला तो रकाना आठवला. मी हात वर केला. आवाज कापत होता. “काका, तसले म्हणजे कोण ते ठरावात नीट नाव घालून लिहा. मग मी विरोधात सही करते.”

थोडी शांतता झाली. नाव लिहायला कुणी तयार नव्हतं. नवऱ्यानेही हात वर केला, मग तळमजल्यावरच्या एका आजींनी. ठराव फेटाळला गेला नाही. चेअरमन म्हणाले, पुढच्या सभेत बघू.

पुढची सभा दिवाळीनंतर आहे. त्या दिवशी मला ऑफिसमधून लवकर निघावं लागेल.