तहकूब संकल्प

मनुष्याच्या अंतःकरणात काही संकल्प असे असतात की ते कधी फेटाळले जात नाहीत आणि कधी मंजूरही होत नाहीत. दिवाणी कोर्टातील जुनाट कज्ज्याप्रमाणे त्यांना तारखेमागून तारीख मिळत जाते, कधी मुलांचे शिक्षण, कधी घराचे कर्ज, कधी वडिलांचे दुखणे अशा सबबींवर काम तहकूब होते, आणि दरम्यान वादी वृद्ध होतो. कोणाला संस्कृत शिकावयाचे असते, कोणाला गळ्यावर पुन्हा मेहनत घ्यावयाची असते, कोणाला नर्मदेची परिक्रमा करावयाची असते. विचारले तर सारेच वेळेची अडचण सांगतात. पण अडचण सरल्यावरही संकल्प जागचा हलत नाही, तेव्हा अधिक खोदून विचारावे, म्हणजे खरे कारण बाहेर पडते : ह्या वयात, माझ्यासारख्याला, ते काय साधणार? ह्या उद्गाराला आपण विनय समजतो आणि त्याचा मान राखतो. मला तो विनय वाटत नाही, आणि का वाटत नाही हे सांगण्यासाठी थोडे शास्त्रात शिरणे प्राप्त आहे.

आपल्या दर्शनकारांनी संशयाला तुच्छ लेखलेले नाही. गौतमाच्या न्यायसूत्रात आरंभीच जे सोळा पदार्थ गणले आहेत, त्यांत प्रमाण आणि प्रमेय ह्यांच्या लागलीच पाठोपाठ तिसरे आसन संशयाला दिलेले आहे. आणि भाष्यकार वात्स्यायनाचा अभिप्राय असा की, जी वस्तू सर्वस्वी अज्ञात आहे किंवा जिचा निर्णय होऊन चुकला आहे तिच्या ठिकाणी न्याय प्रवृत्तच होत नाही, संदिग्ध अर्थाच्या ठिकाणीच त्याला काम असते. मीमांसकांच्या अधिकरणातही विषयानंतर संशय येतो आणि मगच पूर्वपक्ष उभा राहतो. परंतु ह्या शास्त्रीय संशयाचे तोंड सदैव निर्णयाकडे असते; नैयायिकांच्या यादीत निर्णय हा नववा पदार्थ आहे, आणि तेथवर पोहोचणे हेच तिसऱ्याचे प्रयोजन. स्वतःच्या सामर्थ्याविषयीची शंका मात्र निर्णयाला भिते. आपला आवाज लागतो की नाही हे ठरविण्याचा उपाय एकच, तो म्हणजे गाऊन पाहणे. आणि शंकेखोर मनुष्य नेमके तेवढेच करीत नाही. अशा माणसाला गीतेचा दाखला देण्याची आपल्याकडे रीत आहे, ती मला फारशी लागू वाटत नाही. अर्जुनाचे अवसान गळाले हे खरे, पण हे युद्ध करावे की करू नये हा त्याचा प्रश्न होता. आपल्याला धनुर्विद्या येते की नाही, ही शंका त्याला शिवलीदेखील नव्हती.

ह्या प्रकरणात अधिक बारकाईने उतरले ते बौद्ध आचार्य. चित्ताला अडविणारी जी पाच नीवरणे त्यांनी सांगितली त्यांत विचिकित्सा, म्हणजे डळमळ, ही शेवटची. सामञ्ञफलसुत्तात तिला वाळवंटातील प्रवासाची उपमा दिलेली आहे, आणि अट्ठकथेत, म्हणजे त्या सुत्तावरील टीकेत, तिचा विस्तार असा येतो : धन बरोबर घेऊन निघालेला प्रवासी काटकी मोडल्याचा किंवा पाखराचा आवाज ऐकून चोर आले असे समजतो, चार पावले चालतो, थबकतो, मागे वळतो, आणि त्याच्या चालण्यापेक्षा थांबण्याच्याच जागा अधिक होतात. ह्या दृष्टांतात आपण सहसा वाळवंट आणि चोर पाहतो; मला त्यातील धन महत्त्वाचे वाटते. रिकाम्या हाताच्या माणसाला असले भय नाही. ज्याच्या पदरी काही गुण आहे, निदान तो आहे अशी ज्याची गुप्त समजूत आहे, त्यालाच परीक्षेची धास्ती; कारण न गायिलेले गाणे मनात निर्दोष राहते आणि गायिलेले चारचौघांच्या हिशेबात जाते.

परंतु वय उलटलेल्या माणसाच्या ठिकाणी ह्या विचिकित्सेत आणखी एक भेसळ झालेली असते. आचार्यांनी तिला वेगळे नाव दिले आहे, कौकृत्य. केले त्याचा आणि केले नाही त्याचाही पश्चात्ताप. तिची गणना ते औद्धत्याबरोबर, म्हणजे चित्ताच्या अस्वस्थतेबरोबर, चौथ्या नीवरणात करतात आणि तिला दास्याची उपमा देतात. पन्नाशीनंतर तंबोऱ्याला हात लावण्यास जो धजत नाही, तो भविष्याला भितो असे आपण म्हणतो. पुष्कळदा तो भितो भूतकाळाला. आज चार महिन्यांत आपल्याला थोडेबहुत साधले, तर मागली तीस वर्षे अकारण वाया गेली असे सिद्ध होईल, आणि हा पुरावा दप्तरी दाखल होऊ नये म्हणून तो प्रयत्नच करीत नाही. ‘मला जमत नाही’ ह्या कबुलीत गेलेल्या वर्षांची निर्दोष सुटका असते.

आता विनयाकडे वळतो. बौद्ध परंपरेत मान, म्हणजे अहंकाराचा एक प्रकार, त्रिविध सांगितला आहे : मी श्रेष्ठ आहे, मी समान आहे, आणि मी हीन आहे. तिसऱ्या प्रकाराची गणना मानात व्हावी हे प्रथम ऐकताना चमत्कारिक वाटते, पण विचार केला म्हणजे पटते. तिन्ही ठिकाणी मापपट्टी एकच, आणि मोजावयाचा पदार्थही एकच. आता ह्याच्या जोडीला दुसरी एक गोष्ट ठेवावी. साधकाच्या दहा संयोजनांपैकी, म्हणजे बंधनांपैकी, विचिकित्सा ही स्रोतापन्नाच्या ठिकाणी, म्हणजे प्रवाहात पहिले पाऊल पडताच, आत्मदृष्टी आणि व्रतकर्मांचा आंधळा आग्रह ह्यांच्यासह तुटते. मान मात्र अर्हत्पद प्राप्त होईपर्यंत तुटत नाही. ह्यातून निष्पन्न होते ते असे की, मार्गाविषयीची डळमळ पहिल्या टप्प्यावरच जाऊ शकते, पण आपण उणे आहोत ही रुखरुख थेट शेवटच्या मुक्कामापर्यंत सोबत येण्याचा संभव आहे. आपल्यासारखे लोक हा क्रम उलटा करून बसतात. आधी मनातील हीनतेची भावना जावी, आत्मविश्वास यावा, आणि मग निघावे, अशी त्यांची शर्त असते. आणि जी गोष्ट वाटचालीच्या शेवटी मिळावयाची, तिची ते उंबरठ्यावर वाट पाहत राहतात.

धर्मानंद कोसंबी ह्यांचे चरित्र मी ह्या दृष्टीने वाचतो. ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ येथे जन्मलेला हा मनुष्य. प्रकृती नाजूक, शालेय शिक्षण बेताचे, लग्न लहान वयात झालेले, आणि काम घरच्या नारळबागेच्या देखरेखीचे. मुलांसाठी निघणाऱ्या ‘बालबोधमेवा’ मासिकात त्याने बुद्धाचे चरित्र वाचले आणि त्या धर्माचे मूळ ज्ञान मिळविण्याची आकांक्षा त्याच्या मनात रुजली. घर सोडण्याचे आरंभीचे प्रयत्न फसले. काटकी मोडल्याच्या आवाजाने तोही मागे वळला होता. १८९९ च्या अखेरीस तो खरोखरच निघाला तेव्हा त्याच्यापाशी पाली भाषेचे एक अक्षर नव्हते. पुणे, ग्वाल्हेर, काशीत संस्कृताचे अध्ययन, नेपाळात पदरी पडलेली निराशा, आणि १९०२ मध्ये कोलंबोचे विद्योदय विद्यालय, असा तो प्रवास आहे. १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘निवेदन’ ह्या आत्मचरित्रात धैर्याचा टेंभा कोठेही मिरविलेला नाही. स्वतःच्या निराशा आणि दुबळेपणा ते उघडपणे सांगून टाकतात आणि कथा पुढे चालू राहते. हीनमान होता, आणि पाऊलही पडत होते.

कोसंबी निघाले त्याच १८९९ सालच्या जानेवारीत अमेरिकेत हेन्री क्लार्क वॉरन नावाचा एक व्यंग असलेला विद्वान निवर्तला. बुद्धघोषाचार्यांच्या ‘विसुद्धिमग्ग’ ह्या ग्रंथाचे संपादन त्याच्या हातून अपुरे राहिले. वर ज्या नीवरणांचा उल्लेख केला त्यांचे विवरण ह्याच ग्रंथात आहे. ते अपुरे काम पुरे करण्यासाठी १९१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठात ज्यांना बोलावणे गेले ते कोसंबी होते. पुढे संपादनाच्या श्रेयावरून मतभेद झाले आणि ते परत आले. ती आवृत्ती छापून निघाली ती १९५० मध्ये, कोसंबींनी सेवाग्राम येथे अन्नत्याग करून देह ठेवल्याला तीन वर्षे झाल्यावर. दरम्यान १९४० मध्ये मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने त्यांनीच संपादिलेला हा ग्रंथ देवनागरीत प्रसिद्ध केला होता. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा पन्नास रुपयांची नेमणूक करून दिली हेही नमूद केले पाहिजे, कारण संकल्पाला नुसते मनोबल पुरत नाही, त्याला शिधाही लागतो. आणि काशीतील अन्नछत्रांचे किती श्रेय परस्पर विद्यार्थ्यांच्या जिद्दीच्या नावे जमा झाले आहे, ह्याची गणती कोणी करीत नाही.

इतके लिहून येथेच थांबलो तर लेख प्रामाणिक ठरणार नाही. आश्रमव्यवस्थेने मनुष्याच्या वैयक्तिक ओढीला वानप्रस्थाची मुदत घालून दिली, ती केवळ त्याला दडपण्यासाठी नव्हे. त्याच्यावर अवलंबून असलेल्या माणसांचा हक्क आधी वळता करून घेतला पाहिजे, असा तिचा हिशेब होता. जाबालोपनिषदाने ह्याला अपवाद केला आणि विरक्ती ज्या दिवशी येईल त्या दिवशी निघण्याची मोकळीक दिली. पण निघणाऱ्याच्या मागे राहणाऱ्यांची तजवीज कोणी करावी, ह्याचे उत्तर त्या मोकळिकीत नाही. सबब, तहकुबीचे अर्ज दोन जातींचे असतात असे मला वाटते. एकावर दुसऱ्याच्या गरजेची सही असते, दुसऱ्यावर आपल्याच भयाची. आणि अर्जदार बहुधा दुसऱ्या कागदावर पहिल्याची सही करून आणतो. मुलगी परगावी नांदायला गेली, कर्ज फिटले, आणि तरीही तारीख पुढे गेली, की सही कोणाची होती हे उघड होते.

कोसंबी निघाले तेव्हा घरी पत्नी बाळाबाई होत्या आणि तान्ही मुलगी माणिक होती. वर्षामागून वर्षे लोटली. १९०६ नंतर संसाराचा धागा पुन्हा जुळला. १९१८ मध्ये ते पुन्हा अमेरिकेस गेले तेव्हा माणिकला आणि मुलगा दामोदर ह्याला बरोबर घेऊन गेले. माणिकचे उच्च शिक्षण तिकडेच झाले आणि दामोदर पुढे गणिती व इतिहासकार म्हणून ख्यात झाला. धाकट्या मुलींना घेऊन बाळाबाई इकडेच राहिल्या. नवऱ्याच्या पहिल्या पावलाची किंमत त्यांनी दिली, आणि दुसऱ्याचीही. त्यांच्याही मनात शिकण्याचा, कोठे जाण्याचा, काही करून पाहण्याचा एखादा मनोरथ असेल. पण ‘मला काय जमणार’ असे म्हणण्याइतका अवकाशही त्यांना कोणी दिला होता काय, हा प्रश्न मला विचिकित्सेच्या सगळ्या मीमांसेपेक्षा कठीण वाटतो.